धुण्यासाठी राखलेलं पाणी

नाजिमाताईंची सॅक पहिल्यांदा उचलणारी प्रत्येक बाई विचारते, "यात काही आहे की नुसतीच मिरवताय?" सगळं असतं त्यात. दांडी अर्धी कापलेला टूथब्रश, किसून डबीत भरलेला साबण, टॉवेलऐवजी जुन्या ओढणीचा तुकडा, आणि एका बाटलीसाठी सुईने भोकं पाडलेलं जादा झाकण.

मंडईमागे ब्लाउज शिवणाऱ्या या बाई चाळिशीनंतर डोंगर चढायला लागल्या. आमच्या वारज्याच्या ग्रुपला डोंगरावर स्वच्छ राहायला त्यांनीच शिकवलं. खड्डा पाण्यापासून लांब खणायचा, वर माती लोटायची. वापरलेले पॅड, वास मारू नये म्हणून चहापावडर टाकलेल्या पिशवीत बांधून घरी आणायचे. कुणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "मग काय, झुडपात टाकणार? तुझ्यामागून झाडायला कोण येणार आहे इथे?"

ती भोकांच्या झाकणाची बाटली मात्र फक्त धुण्याची. लघवीनंतर आणि नमाजाआधी हातपाय धुवायला तेवढंच पाणी. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

यंदा एप्रिलमध्ये आम्ही मावळातल्या एका लांबलचक डोंगरधारेवर होतो. पाण्याच्या ज्या टाक्यावर भिस्त होती ते कोरडं ठणठणीत निघालं. उरलेलं पाणी घोटघोट वाटून घेतलं, तर नाजिमाताई म्हणाल्या, "मला तहान नाही." डोंगरावर आडोशाला जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. पण त्यांना हे करू नका म्हणून रागवायच्या त्या नाजिमाताईच.

उतरणीला लागता लागता त्या मटकन खाली बसल्या. बोलणं अडखळायला लागलं. साखर-मीठ काढायला मी त्यांची सॅक उघडली, तर धुण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. माझं डोकंच फिरलं. बाटली तोंडाला लावली तर त्यांनी मान फिरवली.

"ते धुण्याचं आहे, चैताली."

"मरा मग स्वच्छ!" मी ओरडले आणि जबरदस्तीने पाणी पाजलं. खालच्या वाडीतल्या लोकांनी त्यांना झोळीतून गाडीपर्यंत आणलं.

आता त्या दवाखान्यात आहेत. मूत्रपिंडांनी काम जवळजवळ थांबवलंय. उद्यापर्यंत लघवी सुरू झाली नाही, तर रक्त यंत्राने शुद्ध करावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेत.

त्यांचे यजमान जब्बारभाई सकाळपासून उशाशी बसून होते. "अगं, नमाजाआधी हातपाय धुवायला पाणी नसलं तर माती चालते, दगड चालतो. आधी जीव. हे का तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे हो," त्या पुटपुटल्या.

ते औषधं आणायला खाली गेल्यावर मी विचारलं, "ठाऊक होतं, मग का?"

त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "माझा पहिला ट्रेक. तू नव्हतीस तेव्हा. तंबूत माझ्या शेजारी अंथरूण घालताना आपल्या ग्रुपातल्या मुक्ताईने विचारलं, 'तुमच्याकडे आंघोळ जुम्म्याच्या जुम्म्यालाच ना?' सगळ्या हसल्या. मीपण हसले. पण मग वाटायला लागलं, उद्या माझ्या कपड्याला वास आला तर या म्हणतील, बघा, खरंच की."

इतकी वर्षं आम्ही यांच्या टापटिपीचं कौतुक करत होतो. आणि त्या दर वेळी डोंगरावर परीक्षा द्यायला येत होत्या.

बाहेर बाकावर मुक्ताईच बसली होती, मऊ भाताचा डबा घेऊन, डोळे सुजेपर्यंत रडलेली. तिला तो तंबू आठवतही नसणार. जाऊन सगळं तोंडावर सांगावं असं फार वाटलं.

"मुक्ताई आलीय. बोलावू?"

नाजिमाताईंनी माझं मनगट धरून मला जवळ ओढलं. पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी अजून रिकामीच होती.

"खरं सांग. मला वास येतोय?"

"येतोय," मी म्हटलं. "आजारी माणसाला येतो तेवढा."

त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"मग तिला आत नको बोलावूस."