पापडाला नको म्हटलं तेव्हा
पापड भाजल्याचा वास आला की मी अजूनही तरंगत उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्या माडीवर जातो. अंबरनाथची कायमची नोकरी सोडून, अणुवीज सुरक्षित आहे हे लोकांना मोजून दाखवता यावं म्हणून मी किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र बनवायला निघालो होतो आणि सगळीकडून नकार घेऊन शेवटी या सिंधी वर्कशॉपवाल्या शेठकडे गुंतवणूक मागायला आलो होतो. उन्हाच्या तिरिपेत धूळ सावकाश फिरत होती, खालचं लेथ मशीन झोपेत गुणगुणल्यासारखं घुमत होतं. शेठाणींनी रिवाजाप्रमाणे पापड-पाणी पुढे केलं. मी आमच्या घरच्या वळणाप्रमाणे तीनदा "नको, नको" म्हटलं आणि अणुवीज किती सुरक्षित असते यावर प्रवचन सुरू केलं. शेठ मात्र त्या पापडाकडेच बघत होते. "मेरे घर का पापड खाने को डरता है," ते म्हणाले, "और बोलता है, अणूवर भरोसा ठेवा?" मी घाईघाईनं अख्खा पापड तोंडात कोंबला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. शेठ हसले. "हां, अब बोल." तासाभरानं वर्कशॉपचा एक कोपरा आमच्या यंत्राचा झाला होता. आता अणुविजेची भीती घालवायला ते यंत्र घेऊन मी गावोगाव हिंडतो, तेव्हा समोर येईल ते आधी खातो आणि मगच बोलतो. बायको माझ्या पोटाकडे बघून म्हणते, "बराच भरोसा जमा झालाय."