ताई, सरक जरा

काटेवाल्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. किराणावाल्याचे, भाजीवाल्यांचे, रद्दीवाल्याचे, झालंच तर दवाखान्यातले माणसं मोजायचेसुद्धा. हाताला यश होतं आणि स्वभाव सरळ. काट्यात केसभर फरक राहिला तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. पण बाजारात ते समोरून येताना दिसले की ओळखीचे लोक रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. ते काही काट्यांमुळे नव्हे. मुक्त सिस्टिममुळे.

कंप्युटर चालू केला की पडद्यावर जी आधी येते आणि जिच्या जिवावर बाकी सगळं चालतं, ती सिस्टिम. तुमच्याआमच्याकडे असते ती कंपनीची. काटेवाल्यांची होती जगभरातल्या हजारो लोकांनी मिळून बनवलेली, कुणीही घ्यावी, पोट उघडून आत बघावं, हवे ते बदल करावेत, अशी. "म्हणजे फुकट ना?" असं कुणी चुकून म्हणालं की संपलं. "फुकट नाही हो, मुक्त!" म्हणत काटेवाले खुर्ची पुढे ओढायचे, आणि त्या माणसाचा चहा तिथेच गार व्हायचा.

किराणावाल्याने एकदा हो म्हटलं होतं. त्याचा काटा उघडून टेबलावर पडला होता, नाही कसं म्हणणार? काटेवाल्यांनी हौसेने सिस्टिम घालून दिली. दुसऱ्या दिवशी त्याचा बिलं करायचा प्रोग्राम उघडेना. "अहो, अगदी तसाच दुसरा आहे यात," काटेवाले म्हणाले. "तसाच नको, तोच हवाय," किराणावाला म्हणाला. मग फोटो स्टुडिओवाला. त्याच्या प्रिंटरने नव्या सिस्टिमला ओळखच दाखवली नाही. काटेवाल्यांनी प्रिंटर बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या आणि स्टुडिओवाल्याने काटेवाल्यांना. मेहुण्याने तर काही न बोलता नुसते हात जोडले. राहता राहिली बायको. "घरात एक माणूस मुक्त आहे तेवढा पुरे," असं म्हणून तिने स्वतःच्या लॅपटॉपला त्यांचं बोटसुद्धा लागू दिलं नाही.

सगळ्या जगात त्यांच्या बाजूची होती ती एकटी ताई. काटेवाल्यांची मोठी बहीण. शाळेचे गणवेश आणि डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायची. कॉलर, खिसे, बाह्या यांचे कागदी नमुने कंप्युटरवरून छापायचे, कापडावर ठेवायचे आणि कापायचे, अशी तिची पद्धत. तिच्याकडे कित्येक वर्षं मुक्त सिस्टिम होती आणि एका शब्दाची तक्रार नव्हती. काटेवाले दर रविवारी जाऊन सिस्टिमची निगा राखून यायचे आणि उरलेला आठवडा लोकांना ताई ऐकवायचे. "माझी बहीण शिवणकाम करते, तिला जमतं. तुम्हाला काय धाड भरलीय?" अशाने कुणाचं मन वळतं होय? उलट त्या न पाहिलेल्या बाईचाच लोकांना राग येऊ लागला होता.

अशात वाचनालयाचं प्रकरण निघालं. तिथले जुने कंप्युटर भंगारात द्यायचं घाटत होतं. कंपनीची नवी सिस्टिम त्यांना झेपत नव्हती. रद्दीवाला येऊन वजन करून गेला होता, तेही काटेवाल्यांनीच नीट करून दिलेल्या काट्यावर. हे त्यांच्या फारच जिव्हारी लागलं. ते तडक ग्रंथपालबाईंकडे गेले. "बाई, ही यंत्रं धडधाकट आहेत. माझी सिस्टिम घाला, अजून कितीतरी वर्षं पळतील."

ग्रंथपालबाई कमी बोलायच्या. वाचनालयात आयुष्य गेलेलं. "पळतील हो," त्या म्हणाल्या. "पण त्यावर बसणार कोण? तुमच्याशिवाय हे रोज वापरणारा एक साधा माणूस मला दाखवा. दाखवलात तर एकही कंप्युटर भंगारात देत नाही. नाही दाखवलात तर पुन्हा माझ्याकडे हा विषय काढायचा नाही."

"रविवारी चला ताईकडे," काटेवाले म्हणाले. छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटायचं बाकी.

रविवारी ते जरा लवकरच पोचले. बाई यायच्या आत सगळं ठाकठीक करावं म्हणून. दार उघडं होतं, ताई घरात नव्हती. कंप्युटरवर भरतकाम केलेलं झाकण, त्यावर टाचण्यांची उशी, मोजपट्टी, बटणांचा डबा. खुर्चीत इस्त्री केलेल्या कोटांची चळत. "किती जपून ठेवलंय बिचारीने," असं काटेवाल्यांच्या मनात आलं. आता काय म्हणावं या माणसाला!

तेवढ्यात खालून ताईचं हसू ऐकू आलं. खाली एक ब्युटी पार्लर होतं. काटेवाले जिना उतरले आणि दारातच थबकले. आत एक बाई डोक्याला रंग लावून बसली होती. पार्लरवाली हातमोजे घालून उभी होती. आणि ताई पार्लरच्या कंप्युटरपुढे, कंपनीच्या सिस्टिमवर, खट् खट् बटणं दाबत बसली होती. प्रिंटरमधून तिच्या कॉलरी एकामागून एक बाहेर पडत होत्या.

"तो यायच्या आत आटपते," ताई सांगत होती. "मग वर जाऊन झाकण काढीन, दोनचार खिडक्या उघडून ठेवीन. खूश होतो बिचारा."

काटेवाले आल्या पावली वर गेले आणि कापडं कापायच्या टेबलाला टेकून उभे राहिले. ताई कागद घेऊन आली, त्यांचं तोंड पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"अगं पण का? बिघडलंय का काही यात?"

"मला काय माहीत बिघडलंय की नाही!" ताई भडकलीच. "मी बसलेय कधी त्यावर? काही विचारायला गेलं की तू म्हणतोस, ताई, सरक जरा. मी सरकते. तू ती काळी खिडकी उघडतोस, धडाधड बटणं बडवतोस आणि म्हणतोस, झालं, बघ किती सोपं आहे! सोपं तुला रे. मी आपली तुझी पाठ बघत उभी. तू गेल्यावर काही अडलं तर विचारू कुणाला? या अख्ख्या गल्लीत एकाकडे ही सिस्टिम नाही. खाली त्या पार्लरवालीलाही डोंबल काही येत नाही, पण दोघी मिळून चुकतो तरी."

"मग मला सांगायचं होतंस."

"कसं सांगू?" ताईचा आवाज एकदम खाली आला. "तुझ्याकडे एकच तर माणूस होतं."

काटेवाल्यांना भरून आलं. "वाचनालयाच्या बाई येतायत, तू रोज हे वापरतेस ते बघायला," एवढं ते सांगतात तोच जिन्यात पावलं वाजली आणि ग्रंथपालबाई दारात आल्या.

ताईने कोटांची चळत पलंगावर टाकली, झाकण काढलं आणि खुर्चीत बसली. "या बाई. कॉलर छापून दाखवते."

कंप्युटर चालू झाला. ताईने इकडे दाबलं, तिकडे दाबलं. कॉलरचं चित्र सापडलं, पण छापायचं बटण सापडेना. पार्लरमध्ये ते वर उजवीकडे होतं. इथे त्या जागी काहीच नव्हतं. काटेवाल्यांना ते खाली डावीकडे लख्ख दिसत होतं.

"ताई, सर..." ते म्हणाले, आणि ताईने मागे वळून असं पाहिलं की पुढचं अक्षर घशातच राहिलं. ते टेबलावर चढून बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. ताईने खिडकीतून हाक मारली तशी पार्लरवाली हातमोज्यांसकट वर आली. रंगवाली बाई खाली एकटीच. दोघींनी मिळून दिसेल ते दाबून पाहिलं. एकदा पडदा अख्खा काळा झाला आणि काटेवाल्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी प्रिंटर खडखडला आणि कागद बाहेर आला.

त्यावर कॉलर होती. बाहुलीच्या मापाची.

ग्रंथपालबाईंनी कागद उजेडात धरला. "एवढीच हवी होती?"

"नाही," ताई म्हणाली. "पण मी काढली."

"रोज वापरता हे?"

ताईने भावाकडे पाहिलं. ती हो म्हणाली असती. तोंड उघडलंही होतं तिने. काटेवाल्यांनी मांडीखालचे हात बाहेर काढले.

"नाही हो बाई, वापरत नाही," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा बसली. मी बसूच दिलं नव्हतं."

ग्रंथपालबाईंनी कागद नीट घडी घालून ताईला परत दिला. "मग ठरल्याप्रमाणे," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून गेल्या. पार्लरवालीलाही एकदम खालच्या डोक्याची आठवण झाली आणि ती धावत सुटली.

कंप्युटर भंगारात गेले. काटेवाले त्या दिवशी रद्दीवाल्याकडे जाऊन उभे राहिले आणि वजनं स्वतः पाहून घेतली. काटा बरोबर होता.

पुढच्या रविवारी ते ताईकडे जावं की न जावं अशा विचारात निघाले आणि शेवटी गेले. दार उघडं होतं. भरतकामाचं झाकण आता शिलाई मशीनवर होतं. ताई खुर्चीत बसून सकाळपासून एका बाहीचा नमुना काढत होती.

"आलास? हे बघ काय विचारतंय मघापासून," ती म्हणाली.

काटेवाले तिच्या मागे जाऊन उभे राहिले. एक हात खुर्चीच्या पाठीकडे निघाला होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. कंप्युटर विचारत होता, केलेलं काम ठेवायचं का?

"तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता.

"मी 'नाही' दाबणार. उगाच डोक्याला कटकट."

'नाही' दाबलं की सकाळपासूनची बाही जाणार, हे काटेवाल्यांना उन्हासारखं स्वच्छ दिसत होतं. ओठ उघडले, मिटले, परत उघडले.

"दाब," ते म्हणाले.

ताईने दाबलं. पडदा कोरा झाला.

"अगं बाई, गेली की रे बाही!"

"गेली."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

ओठांवर आलेली शिवी ताईने गिळली, पदराने चष्मा पुसला, नाकावर घट्ट बसवला आणि पुन्हा खांद्यापासून बाही काढायला घेतली. काटेवाले वाकून बघत होते.

"सरक जरा," ताई म्हणाली. "उजेड अडतोय."

काटेवाले सरकले.