शेवटची पोरगी येईपर्यंत

परीक्षा जवळ आली की गणिताचे सर खेळाचा तास मागायचे. सगळ्याच शाळांत मागतात आणि सगळ्याच शाळांत तो मिळतो. आमच्या शिट्टीबाईही हसत हसत द्यायच्या. फक्त दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "काल माझा घेतला की सर तुमी. आज तुमचा द्या," म्हणायच्या, आणि सर हातातला खडू खाली ठेवेपर्यंत अख्खा वर्ग मैदानावर पोहोचलेला असायचा. दोनदा असं झाल्यावर सरांनी मागणंच सोडलं.

बाई मंगळवेढ्याकडच्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शाळेत जरा शुद्ध बोला, असं मुख्याध्यापकांनी त्यांना एकदा सुचवलं होतं. पोरींना कळतंय न्हवं, मग झालं, एवढंच बाईंचं उत्तर. सोलापूरच्या उन्हात त्या कधी सावलीला उभ्या राहिलेल्या मला आठवत नाहीत.

कारणं सांगणाऱ्यांशी त्या कधी भांडल्या नाहीत. कुणी पोट दुखतंय म्हणालं की विचारायच्या, "चालायला येतंय का? मग चालत ये." आणि चालत येणारीचीही वेळ घड्याळात बघायच्या. वाकून बोटं कुठवर पोचतात ते मोजायला त्यांनी जुन्या बाकाच्या फळ्यांची एक पेटी सुताराकडून करून घेतली होती. माझी बोटं पेटीपर्यंत पोचायचीच नाहीत, कारण मध्ये माझं पोट होतं. पोरी फिदीफिदी हसायच्या. बाई मात्र माझ्या शेजारी मातीत बसून म्हणायच्या, "ह्यांच्याकडं बघू नगं. दिवाळीच्या आधी तू कुठवर वाकली हुतीस ते मला ठाऊक हाय. तिच्या फुडं जा."

वर्गात मला 'पोतं' म्हणत. त्याहून वाईट गोष्ट दरवर्षी फिटनेस टेस्टच्या दिवशी व्हायची. आमच्या संस्थेच्या शाळांमध्ये त्या चाचणीची ढाल असे, आणि ती मिळायची पळणाऱ्यांच्या सरासरीवर. मग मुख्याध्यापक माझ्यासारख्या जाड्या, दम लागणाऱ्या, पाय ओढणाऱ्या पोरींना गैरहजर दाखवायचे आणि पाहुण्यांसाठी रांगोळी काढायला बसवायचे. पाचवीपासून मी शाळेत असूनही त्या दिवशी नसायचे. माझी रांगोळी तेवढी फार सुधारली. घरी आई कौतुक करायची आणि मला ती रांगोळी पायानं पुसून टाकावीशी वाटायची.

बाई आल्या त्या वर्षी मी नववीत होते. चाचणीच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष येऊन खुर्चीवर बसले होते, आम्ही ठिपके मांडत होतो. बाई आल्या, रांगोळीचे डबे उचलून त्यांनी खिडकीत ठेवले आणि आम्हाला रेषेवर नेऊन उभं केलं. मुख्याध्यापक लगबगीनं येऊन त्यांच्या कानाशी लागले. बाईंनी ऐकून घेतलं आणि शिट्टी वाजवली.

मी शेवटची. नुसती शेवटची नाही, बाकीच्या पोरी पोचून पाणी पिऊन परत आल्या तरी मी पळतच होते. पळत म्हणजे काय, पाय फरपटत. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि ते उठले. मुख्याध्यापकांनी लांबून हातानं खूण केली, आवरा आता. तेव्हा बाई साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सर, पोरगी अजून पळतीया. चाचणी संपली न्हाय."

अध्यक्ष पुन्हा बसले. मी रेषा ओलांडली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी घड्याळ बंद केलं, माझी वेळ मोठ्यानं सांगितली आणि पाणी पी म्हणाल्या.

ढाल गेली. जूनमध्ये बाईंची बदली कुर्डुवाडीकडच्या शाखेत झाली. ती का झाली हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं आणि निरोपाच्या भाषणात मात्र सगळे त्यांच्या शिस्तीचं कौतुक करत होते. माझं डोकं फिरलं. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना फाटकाशी गाठलं आणि विचारलं, माझ्यामुळं झालं ना हे? बाई चिडल्या.

"तुझ्यामुळं कशाला? मी काय तुझी कीव करून थांबले व्हय? चाचणी सगळ्यांची असती, म्हणून थांबले." आणि शाल काखोटीला मारून रिक्षात बसल्या. परत त्या मला भेटल्या नाहीत. आज कुणी माझ्या भल्यासाठी मला बाजूला बसायला सांगितलं की मला त्यांचा तो चिडलेला चेहराच आठवतो.

पुढच्या वर्षी खेळाला नवे सर आले. चाचणीच्या दिवशी आम्हा सात-आठ जणींना वर्गात थांबायला सांगितलं गेलं. मी उठले आणि मैदानावर गेले. मागून चपलांचे आवाज येत होते, पण मी वळून पाहिलं नाही. नव्या सरांनी मला रेषेवर पाहिलं, मुख्याध्यापकांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अगं, तू तर आज गैरहजर आहेस."

"नाही सर," मी म्हणाले, "मी हजर आहे. घड्याळ लावा."