बावटा लागला तरी

लग्न होऊन मी पनवेलला आले आणि समुद्र सुटला. नवरा ऑफिसात कारकून, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. थोरली ताई मात्र माहेरच्याच गावात, मोऱ्याला, दिलेली. घर किनाऱ्याला लागून, दारातून भावजींची होडी दिसायची.

पावसाळ्याच्या तोंडावर वादळाची खबर आली आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढला, की मला ताईला तिथे राहू द्यायचा धीर व्हायचा नाही. आमच्या लहानपणी वादळात होडी घेऊन गेलेले काका परत आले नव्हते. म्हणून पहिल्या वर्षी मी हट्टाने ताईला पनवेलला आणलं. ती भांडी, कपडे, सुकवलेले बोंबील असं सगळं गाठोड्यात बांधून एसटीने आली. बोंबलांच्या वासावरून शेजारणीने दार लावून घेतलं. वारा काही आला नाही. वादळ गुजरातकडे वळल्याचं रेडिओने सांगितलं. पुढच्या वर्षीही तेच झालं. परत गेल्यावर आळीतल्या बायका ताईला पळपुटी म्हणून हसल्या.

तिसऱ्या वर्षी मी तिला न्यायला सकाळीच मोऱ्याला गेले. आभाळ शिशासारखं झालं होतं. ताई अंगणात लाकडं झाकत होती.

"ताय, चल माज्याबरोबर."

"दोनदा आले ना गो? पान तरी हाललं का? आता नाय येत."

"या वेळी येगळं वाटतंय."

"तुला दरसाल येगळंच वाटतं. जा, तुजी गाडी चुकंल."

मी भावजींकडे पाहिलं. ते दोर घेऊन होडीकडे निघाले होते. "तिला नाय यायचं तर मी काय करू?" एवढंच बोलले.

मी परतले. दुपारी पनवेलला खिडक्यांच्या काचा फुटल्या, समोरचा गुलमोहर उन्मळून पडला. मी आणि नवरा स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसलो. मला सारखं तिचं कौलारू छप्पर दिसत होतं.

रस्ते मोकळे झाल्यावर निरोप आला. भावजी होडी बांधत असताना घर बसलं होतं. छपराचा वासा ताईच्या पाठीत पडला होता. दारासमोर भरतीचं पाणी, लाँच बंद, वाटेत झाडं पडलेली. तिला बाजेवर घालून आणायला फार उशीर झाला. पनवेलच्या डॉक्टरांनी भावजींना बाजूला घेऊन सांगितलं, पाय आता चालायचे नाहीत.

काही महिने ती माझ्याकडे होती. सारखी घरी सोडा म्हणायची. भावजींनी त्याच जागी, तशाच भिंती उभ्या केल्या. कौलांऐवजी पत्रे घातले आणि वर दगड ठेवले.

"जरा वरच्या अंगाला बांधायचं होतं, भावजी."

"आन होडी काय डोंगरावर बांधू?"

ते चिडून बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी पुन्हा बावटा लागला. मी पुन्हा गेले. भावजी तिला उचलून गाडीत ठेवायला तयार होते. ताईने बाजेचा दांडा धरून ठेवला.

"जीप आणाल, जिन्यानं चढवाल, चार दिसांनी परत उतरवाल. माज्यानं नाय होत. पाठ फाटते."

"आन परत छप्पर पडलं तर?"

"पडूदे. आता काय मोडायचं ऱ्हायलंय?"

त्या दिवशी मी परतले नाही. तिच्या उशाशी बसून राहिले. वारा आला, पत्रे वाजले आणि संध्याकाळपर्यंत सगळं निवलं. वादळ पुन्हा दुसरीकडे गेलं होतं.

ताईची शेजारीण डोकावली. मला पाहून हसत म्हणाली, "बग, काय नाय झालं. उगाच घाबरतेस."

ताईनेही होकाराची मान हलवली. मी तिला कुशीवर वळवलं आणि पडून पडून पाठीला झालेल्या जखमेला औषध लावायला घेतलं.