घोडामाशाचं बाळंतपण

समुद्री जीवांवर डॉक्टरेट केलेली मी बाई, बोईसरजवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावर पहिले दोन महिने नुसती ओरडत होते. जवळ्यासोबत जाळ्यात घोड्यासारख्या तोंडाचे, बोटाएवढे घोडामासे यायचे, काही अजून धडपडत असायचे, आणि जवळा निवडणाऱ्या बायका ते वाळूवर भिरकावून द्यायच्या. "अहो, हे पकडायला कायद्यानं बंदी आहे!" मी म्हणायचे. "मरतातच की, सोडून काय उपेग?" त्या म्हणायच्या. मासा जिवंत परत जाऊ शकतो हे दाखवल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं.

म्हणून एकदा चांगले चार मासे टबात ठेवले. पाणी भरलं खाडीतून, जवळ पडतं म्हणून. अर्ध्या तासात चारही मेले. बायका खो खो हसल्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मावशीनं टबात बोट बुडवून हुंगलं आणि माझी खरडपट्टी काढली. "कारखान्याचं पानी या खाडीत येतं, शेंबड्या पोरालाबी ठाव हाय! यवढी शिकलीस, नाक नाय का तुला?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिनंच आपल्या नवऱ्याला, तो होडीचा तांडेल, जाळं टाकतात तिथलं पाणी कॅनमध्ये भरून आणायला लावलं. त्या पाण्यात एक घोडामासा तासाभरानंही ताठ उभा! पोट टम्म फुगलेलं.

"पोटुशी हाय गो ही," मावशी म्हणाली.

"मावशी, हा नर आहे. यांच्यात पिल्लं नरच पोटात वागवतो."

"काय बोलतेस! आमच्या म्हाताऱ्याला दाखव जरा!"

हसण्याच्या नादात निवडणं राहिलंच. तेवढ्यात तो पठ्ठ्या पोटाला हिसके द्यायला लागला आणि टबात पिल्लंच पिल्लं झाली, जिऱ्याएवढी. सगळ्या टबावर वाकल्या. मग मावशी नवऱ्यावर कडाडली, "बघता काय? न्या परत!"

दमलेला तांडेल कुरकुरत निघाला. मीही होडीत चढले. बाहेरच्या पाण्यात टब हलकेच तिरका केला, पिल्लं पसरली आणि त्यांचा बाप डौलात खाली गेला. मी आनंदानं एवढी किंचाळले की तांडेल दचकलाच.

महिन्याभरानं तापानं फणफणत बोईसरच्या खोलीवर पडले होते. मावशीचा फोन आला. "आज तीन सोडले. जिते."

"मावशी, माझी वाट नाही बघितलीत?"

"तुझी कशाला? आमचे हायत ते."