तीन सुया

रोज सकाळी तोंड धुतलं की गुंडाप्पा शिंपी तीन सुयांत दोरा ओवायचा आणि खांबाला बांधलेल्या चिंधीत टोचून ठेवायचा. बायकोची, रुद्रम्माची, नजर अधू. दिवसभर वाकळ शिवायला तिला त्या पुरायच्या.

गुंडाप्पाला फेफरं येतं हे साऱ्या सास्तूर गावाला ठाऊक होतं. पण पडलेला माणूस परत कसा येतो, ते एकट्या रुद्रम्मानं बघितलं होतं. आधी घरघरणारा श्वास संथ व्हायचा. मग डोळे उघडायचे, पण तिच्यावरून परक्यासारखे फिरायचे. पहिला शब्द आईच्या कानडीतला, "नीरु." पाणी पोटात गेलं की मराठी यायची. निजामाच्या शाळेतली उर्दू सगळ्यांत शेवटी, पार दिवस कलल्यावर. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा. एवढं सगळं जातं कुठं, आणि वाट न चुकता परत येतं कसं?

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात भर दुपारी तो पडला. शेजारचे चन्नबसप्पा नाकाला लावायला वहाण घेऊन धावले.

"ती पायातच असू द्या, भावजी. त्यांना वारा लागू द्या," म्हणत तिनं नवऱ्याला कुशीवर वळवलं.

श्वास आला, डोळे उघडले, "नीरु" आलं. उजवा हात मात्र आला नाही. उचलून सोडला की ओल्या फडक्यासारखा खाली पडायचा. शिंप्याचा हात!

दिवस मावळता पलीकडच्या घरची बिस्मिल्लाबी डोकावली. "या अल्ला! आता डाव्या हातानं शिवणार व्हय?"

"तुमच्या मियाँचा सदराच पैला शिवतो," गुंडाप्पा अडखळत म्हणाला. "बाही गळ्याला लावीन."

बिस्मिल्लाबी हसली. रुद्रम्माला हसू आलं नाही. तो हात मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

सकाळी अंगठा हलला. मग बोटं, एकेक करून, झोपेतून उठणाऱ्या लेकरांसारखी. दुपारी तिनं सुई पुढं केली. दोरा चारदा चुकला. पाचव्यांदा गेला. तिनं ती बोटं आपल्या कपाळाला लावली.

चार वर्षांनी गुंडाप्पा तापानं गेला. शेवटच्या सकाळीही चिंधीत तीन सुया होत्या. टोचता टोचता तो म्हणाला होता, "दोरा आखूडच घेतलाय बग. लांब दिला की तू गुंता करतीस."