शिवनेरीच्या पायथ्याशी, गाडीच्या आत

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगेन असं म्हणता म्हणता आई गेली. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा एवढा भाग वगळून बोलते. त्याला काय ठाऊक नसेल का? तरी वगळते. तुम्हालाच का सांगतेय, ते नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

आमचं घर नारायणगावात. मोठे दीर, त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांची बायको कुसुमअक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ. मग आम्ही दोघं आणि आमची ओवी, तेव्हा तीन वर्षांची. अक्कांची दोन्ही मुलं पुण्यात शिकायला, त्यामुळे ओवी खरं तर त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढत होती. मी सकाळी बालवाडीत शिकवायला जायची. परत येईपर्यंत पोरीची आंघोळ, वरणभात, झोप सगळं झालेलं असायचं. अक्कांनी त्याबद्दल मला कधी ऐकवलं नाही. मी मंचरहून लग्न होऊन आले तेव्हा सासू नव्हती, मला घरातलं फारसं काही येत नव्हतं. माझ्या चुका त्या स्वतःच्या नावावर घ्यायच्या. दादा भाजी खारट झाली म्हणाले की ह्या म्हणायच्या, माझाच हात पडला.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं ऐकताना ती बाई कोण होती ते तुम्हाला माहीत असावं.

त्या थंडीत एका रविवारी ठरलं, फिरायला जाऊ. कुठं लांब नाही, इथंच. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या भरभरून शिवनेरी बघायला येतात, आणि आम्ही इतक्या जवळ राहून शाळेच्या सहलीनंतर कुणी गेलेलो नाही. अक्का तर कधीच गेल्या नव्हत्या. त्यांनी नवी हिरवी साडी नेसली, हातभर बांगड्या घातल्या. सकाळी लेण्याद्री केलं. दुपारी जुन्नरात मासवडीचं जेवण झालं. मग शिवनेरी.

पायऱ्यांच्या कडेची बाग बघून अक्का हरखल्या. फुलांच्या वाफ्यापाशी बसून त्यांनी माझ्याकडून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. काढून टाकायला धजले नाही, उघडून बघायलाही नाही.

दादा आणि माझे हे वर देवीच्या देवळाकडे निघाले. अक्कांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या बागेतच बसल्या. ओवीला तहान लागली होती आणि पाण्याची बाटली गाडीत राहिलेली. मी चावी घेतली आणि तिला कडेवर घेऊन खाली आले. अक्कांना म्हटलं, आम्ही आलोच.

गाडीजवळ पोचले, ओवीला मागच्या सीटवर बसवलं, आणि वरून आवाज आला. आधी वाटलं, कुणीतरी ओरडून फोटोसाठी बोलावतंय. मग माणसं पायऱ्यांवरून पळत येताना दिसली. काहींनी शर्ट डोक्यावर ओढलेले, काही नुसते हात झटकत होते. कुणीतरी ओरडलं, मोहळ उठलंय. मी आत शिरले आणि दार ओढून घेतलं. चार-पाच माश्या आत आल्याच. एक मला मानेवर चावली. बाकीच्या मी चपलेनं मारल्या. ओवी रडायला लागली, तिला मी ओढणीत गुंडाळलं.

इथपर्यंत माझ्या हातून काही वाईट झालेलं नाही. इथंच थांबता आलं असतं तर —

मग मला अक्का दिसल्या.

पदर सगळ्या तोंडावर गुंडाळलेला. हिरव्या साडीवर माश्यांचा काळा थर. त्या आंधळ्यासारख्या हात पुढे करून चालत होत्या आणि हाक मारत होत्या. “ओवी, ओवी गं.” त्या स्वतःचा जीव वाचवायला खाली आल्या नव्हत्या. बागेशेजारच्या खोलीत माणसं शिरली होती, त्यांनी अक्कांनाही आत ओढलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या तिथून बाहेर पडल्या होत्या. पोरगी खाली गेलीय म्हणून.

त्या एकेका गाडीपाशी थांबत, चाचपत, काच वाजवत होत्या. आणि आमच्याच गाडीकडे येत होत्या.

मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले की मी दार उघडलं नाही. घाबरले होते, पोर मांडीवर होतं, हात चालला नाही. पण ते खरं नाही. खोटंच सांगायचं असतं तर आज बोलायला कशाला बसले असते? दार नुसतं लावलेलं होतं. लॉक केलेलं नव्हतं. त्यांनी बाहेरून नुसतं ओढलं असतं तरी त्या आत आल्या असत्या.

त्यांना येताना बघून मी ते लॉक केलं.

हात चालला नाही? व्यवस्थित चालला. पुढच्या सीटवर वाकून मी बटण दाबलं आणि चारही दारांचा टक् असा आवाज झाला. मग त्यांचा हात दारावर आला. दोनदा ओढलं त्यांनी. मग काच वाजवली, तळहातानं. काचेवर बांगड्या वाजत होत्या. त्या म्हणत होत्या, “आत कोण हाय? लहान पोरगी पाह्यली का व्हो?”

पाह्यली का व्हो. असं विचारत होत्या.

मी ओवीचे कान दाबून धरले. का? तिनं तो आवाज ओळखला असता. ‘काकू’ म्हणून हाक मारली असती. मग मला उघडावं लागलं असतं. इतका विचार मी त्या क्षणात केला. माणूस घाबरला की त्याला काही सुचत नाही म्हणतात. मला सगळं सुचत होतं.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. अक्का आमच्या गाडीला धरून खाली बसल्या. मग मला दिसेनाशा झाल्या. खालून गावातली काही माणसं ओला पाला पेटवून धूर करत आली, त्यांनी घोंगडी टाकून त्यांना उचललं. माश्या कमी झाल्यावर मी पलीकडच्या दारानं उतरले आणि ओवीला घेऊन सरबताच्या टपऱ्यांमागे जाऊन उभी राहिले. म्हणजे मी तिकडून आले असं दिसेल.

हे खाली धावत आले तेव्हा पहिला प्रश्न तोच होता, तुम्ही कुठं होतात? मी म्हटलं, गाडीपर्यंत पोचताच आलं नाही, सरबतवाल्या एका बाईनं आम्हाला तिच्या घोंगडीखाली घेतलं. अशी कुठलीच बाई नव्हती. ती तिथं, त्या क्षणी तयार झाली.

अक्कांना आधी जुन्नरला, मग पुण्याला नेलं. मूत्रपिंडावर परिणाम झाला होता. डॉक्टर कितीतरी दिवस काही सांगायला तयार नव्हते. त्या वाचल्या. डावा डोळा गेला. बुबुळातच नांगी राहिली होती.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी आधी ओवीबद्दल विचारलं. मग हळूहळू सगळं सांगितलं. मी पलंगाशेजारी बसून मोसंबी सोलत होते. त्या म्हणाल्या की एका गाडीत माणूस होतं. डोळे मिटलेले असले तरी कुलूप लागल्याचा आवाज त्यांना आला होता. दादा संतापले. ह्यांनी त्या माणसाला शिव्या घातल्या. आणि मी? मी म्हटलं, अशी माणसं कीड पडून मरतात. माझ्या तोंडून हे शब्द गेले. कुणाला संशय येऊ नये म्हणून नाही — खरंच चीड आल्यासारखं म्हणाले मी.

अक्का तेवढ्या म्हणाल्या, “नका बोलू तसं. त्याच्या गाडीतबी लेकरू असंल.”

पुढे पाहुणे यायचे, चौकशी व्हायची, अक्का सगळं पहिल्यापासून सांगायच्या. दर वेळी त्या गाडीपाशी आलं की कुणीतरी हळहळायचं, आणि दर वेळी मी मान हलवायची. चहा द्यायचा, मान हलवायची. ह्याची सवय होते. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

वर्षभरानं अक्कांनी हट्ट धरला. ज्या बाईनं आमच्या पोरीला घोंगडीखाली घेतलं, तिची ओटी भरायची. मी खूप टाळलं. परीक्षा, पाहुणे, ऊन, सगळी कारणं झाली. शेवटी त्यांनी स्वतःच साडी आणि नारळ आणला. आम्ही दोघीच गेलो. गाडी मीच चालवली.

टपऱ्यांपाशी मी म्हटलं, ती आता इथं दिसत नाही. पण अक्का एकेकीला विचारत गेल्या. पहिल्या दोघींनी मान हलवली. तिसरी काकड्या कापत बसली होती. तिनं ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली.

“त्या दिशी हितं कोण व्हतं, ताई? आमी समद्या दुकानं टाकून खाली रस्त्यापर्यंत पळालो. घोंगड्या तर मागनं गावातनं आणल्या.”

 अक्कांनी वळून माझ्याकडे बघितलं. एका डोळ्यानं बघायचं तर त्यांना मान थोडी वळवावी लागते, त्यामुळे त्या बघतायत हे चुकत नाही. मी खाली बघितलं. तेवढ्यात मी बोलू शकले असते. समोर कुणी पुरुष नव्हता, घर नव्हतं, ती अनोळखी बाई सोडली तर आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, “नवीन असेल ही बाई. हिला माहीत नसेल.”

“असंल,” अक्का म्हणाल्या.

त्यांनी साडी आणि नारळ त्या काकडीवालीच्याच ओटीत घातला. ती नको नको म्हणत होती. अक्का म्हणाल्या, “घे. कुणाला तरी द्यायचंच व्हतं.”

परतताना त्या मागे बसल्या. येताना माझ्याशेजारी बसून आल्या होत्या.  त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. दादांनाही काही सांगितलं नसावं, नाहीतर घरात कळलं असतंच. पण तेव्हापासून त्यांनी ती हकिगत कुणालाही सांगितलेली नाही.

ओवी आता दहावीला आहे. तिला त्या दिवसाचं काही आठवत नाही, मी तिला अनेकदा आडून आडून विचारून बघितलंय. अक्कांना रस्ता ओलांडताना डावीकडचं दिसत नाही, तर ती नेहमी त्यांच्या त्या बाजूनं चालते. गेल्या दिवाळीत माझ्या माहेरच्या नव्या सुनेनं अक्कांना विचारलं, डोळ्याचं काय झालं हो? आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. मी घास हातातच धरला.

“लई जुनं झालं,” अक्का म्हणाल्या. “जेवा आता.” आणि उठून सगळ्यांना बासुंदी वाढायला लागल्या. माझ्या वाटीशी आल्यावर त्यांचा हात थांबला नाही. इतरांना वाढली तेवढीच मला वाढली.

मी ती खाल्ली. पुन्हा मागितली सुद्धा.